मकरपुऱ्यातला सुरक्षा-संहितेचा वर्ग : वायरमन पाठवावा की नाही?

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (गुजरातची सरकारी औद्योगिक वसाहत) एक खासगी केंद्र वायरमन, हेल्पर आणि सुपरवायझर यांच्यासाठी विद्युत जोडणीच्या सुरक्षा-संहितेचा पाच दिवसांचा वर्ग घेतं. माणशी साडेसहा हजार रुपये, वर 18 टक्के जीएसटी, दुपारचं जेवण त्यातच. एका तुकडीत 24 जण. केंद्राचं नाव इथे टाकलेलं नाही. असे वर्ग आणखीही निघतायत, आणि इथे लावलेल्या कसोट्या त्यांतल्या कुठल्याही वर्गाला लावून बघता येतील.

निकाल आधीच सांगतो: पाचांतले अडीच दिवस फी वसूल करून देतात, एक दिवस ठीक आहे आणि उरलेला दीड दिवस माणसाची रोजी बुडवतो. कुठले अडीच आणि कुठला दीड, हे कळलं की कुणाला पाठवायचं आणि तो परत आल्यावर त्याच्या हातात काय द्यायचं हे ठरवता येईल.

पैसे भरण्याआधी एक गैरसमज काढून टाका. इथलं प्रमाणपत्र म्हणजे वायरमनचं परमिट नव्हे. परमिट आणि सुपरवायझरचं सर्टिफिकेट राज्याच्या विद्युत निरीक्षक खात्याकडूनच मिळतं. ठेकेदाराचं लायसन्सही तिथलंच. केंद्राच्या पत्रकावर प्रमाणपत्राचा फोटो एवढा मोठा छापलाय की बघणाऱ्याला वेगळंच वाटावं. कारखान्याच्या सेफ्टी ऑडिटला दाखवायला कागद चालेल. त्यापलीकडे त्याला किंमत नाही.

वर्गाचा जीव आहे तो दोषांच्या बोर्डात. हॉलच्या मागच्या भिंतीला सहा बोर्ड लावलेत. प्रत्येकावर सिंगल फेजचा आठ वाटांचा डीबी म्हणजे वाटणीची पेटी, त्यात 40 अँपिअरचा डबल पोल आयसोलेटर (मेन स्विच), 40 अँपिअर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारा, म्हणजे पुरवठा तोडणारा), 6, 16 आणि 20 अँपिअरचे एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारे). समोर सॉकेट, दिवे, पंखा, एक हीटर. मागच्या बाजूला कुलूपबंद पेटीत टॉगल स्विच आहेत. शिकवणारा एखादा स्विच टाकतो, की बोर्डात एक दोष तयार होतो. चौघांनी मिळून तो मीटरने शोधायचा, कागदावर लिहायचा आणि संहितेतलं कुठलं कलम मोडलं गेलं ते सांगायचं. कलम शेवटी, दोष आधी. हा क्रम ज्याने ठरवला त्याला कामगार कसा शिकतो ते नक्की ठाऊक आहे.

पहिलाच दोष अनुभवी वायरमनला घाम फोडतो. एका सॉकेटच्या मागे न्यूट्रलची उघडी तार अर्थच्या तारेला टेकलेली असते. दिवे लागतात, पंखा फिरतो, सगळं ठाकठीक. हीटर चालू केला की आरसीसीबी पडतो. साहजिकच सगळे हीटरच्या मागे लागतात. हीटर निर्दोष निघतो. मग ज्या सॉकेटवर संशय येतो त्याचा एमसीबी खाली करतात, तरीही हीटर लावला की आरसीसीबी पडतोच. इथे बहुतेक जण ‘आरसीसीबीच खराब आहे, बदला’ म्हणून मोकळे होतात. बाजारात रोज हेच होतं: चांगला आरसीसीबी काढून टाकतात, नाहीतर सरळ बायपास करतात. खरं कारण असं, की सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. हीटरचा करंट न्यूट्रल बारवर परत आला की त्यातला थोडा भाग त्या टेकलेल्या तारेतून अर्थकडे वळतो. आरसीसीबीला गेलेला आणि आलेला करंट यांच्यात फरक दिसतो आणि तो पडतो. दोष सापडतो तो न्यूट्रल बारवरच्या तारा एकेक करून सोडवल्या की. हे फळ्यावर आकृती काढून सांगितलं तर माणूस मान डोलावतो आणि विसरतो. स्वतःच्या हाताने बार सोडवला की विसरत नाही.

दुसरा दोष तुटलेल्या न्यूट्रलचा. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो, आणि ‘डबल फेज आला’ असं हेल्पर ओरडतो. फेज एकच असतो. चालू असलेल्या दिव्यातून तो न्यूट्रलच्या तारेवर परत येऊन उभा राहिलेला असतो. निऑन टेस्टरवर भरवसा का ठेवायचा नाही, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही. शिकवणारे इथेच थ्री फेजचं गणितही करून दाखवतात: दोन फेजमध्ये 400 व्होल्ट, मधला न्यूट्रल तुटला, एका बाजूला 100 वॅटचा दिवा आणि दुसऱ्या बाजूला 1000 वॅटची इस्त्री. दोन्ही आता एकामागे एक जोडले गेले. दिव्याचा रोध दहापट, म्हणून 400 पैकी जवळजवळ 364 व्होल्ट दिव्यावर. सोसायटीत एका रात्रीत चार घरांचे टीव्ही आणि फ्रिज का जळतात, हा प्रश्न मग परत विचारावा लागत नाही.

आणखी एक बोर्ड लक्षात राहण्यासारखा आहे तो ढिल्या स्क्रूचा. सॉकेटच्या टर्मिनलला मुद्दाम सैल जोड, तिथे रोध साधारण 0.2 ओहम. 16 अँपिअर वाहू दिले तर त्या जोडावर 51 वॅट उष्णता. सोल्डरिंगची साधी इस्त्री 25 वॅटची असते. म्हणजे सॉकेटच्या पाठीमागे, शेंगदाण्याएवढ्या जागेत, दोन सोल्डरिंग इस्त्र्या लावून ठेवल्यासारखं. एमसीबीला यातलं काहीच कळत नाही, कारण करंट 16 चा 16 च आहे. आरसीसीबीलाही नाही, कारण गळती नाही. पाच मिनिटांत प्लास्टिकचा वास हॉलभर पसरतो आणि तो वास कुठल्याही स्लाइडपेक्षा जास्त शिकवतो. त्यानंतर लग, फेरूल (तारेच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोप्या), त्या दाबून बसवायचा क्रिम्पिंगचा चिमटा आणि एका टर्मिनलमध्ये दोन जाडीच्या तारा का कोंबायच्या नाहीत, हे अर्ध्या तासात पटकन उरकतं. ठरलेल्या जोरानेच स्क्रू आवळणारा टॉर्क स्क्रूड्रायव्हर मात्र नुसता दाखवतात, वापरायला देत नाहीत.

आरसीसीबीची तपासणीही हातानेच करून घेतात. बोर्डवर बंद डब्यात दोन रेझिस्टर आहेत, 22 किलोओहम आणि 6.8 किलोओहम, फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बटणाने जोडले जाणारे. पहिल्याने साधारण 10 मिलीअँपिअर गळती होते, आरसीसीबी टिकायला हवा. दुसऱ्याने 34 च्या आसपास, पडायलाच हवा. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी निम्म्या गळतीपर्यंत म्हणजे 15 ला पडू नये आणि 30 ला 300 मिलिसेकंदांच्या आत पडावा, हा नियम असा डोळ्यांसमोर येतो. पाठोपाठ ते अर्थची तार सोडून देतात आणि आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण दाबायला सांगतात. आरसीसीबी छान पडतो. बघणाऱ्यांचे चेहरे पडतात. ते बटण आतल्या आत गळती तयार करतं, घराच्या अर्थिंगशी त्याचा संबंधच नाही. ‘बटण दाबलं, पडला, म्हणजे अर्थिंग चांगलं’ असं मानून चालणारे निम्म्याहून जास्त असतात. आरसीसीबी फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी धरणाऱ्याला वाचवत नाही, आणि ओव्हरलोडलाही तो पडत नाही, हेही इथेच येतं. आरसीसीबीच्या ‘एसी’ आणि ‘ए’ या प्रकारांतला, म्हणजे कोण कुठल्या तऱ्हेची गळती ओळखतो हा फरक मात्र एका वाक्यात गुंडाळतात. आज इन्व्हर्टर एसी आणि वॉशिंग मशीन घरोघर आहेत, कारखान्यात मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह आहेत, तेव्हा तो फरक अर्धा तास मागतो.

निळ्या तारेचा धडा छोटा आहे, पण त्याच्यासाठी वर्गाचं कौतुक करायला हवं. आपल्याकडे थ्री फेजमध्ये लाल, पिवळा, निळा हे फेज आणि काळा न्यूट्रल. तीन कोरच्या लवचिक केबलमध्ये मात्र तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. म्हणजे पॅनेलमधली निळी तार जिवंत आणि मशीनच्या कॉर्डमधली निळी तार न्यूट्रल. मशीनची कॉर्ड वाढवताना हेल्पर ‘निळ्याला निळा’ जोडतो आणि न्यूट्रलच्या जागी फेज बसतो. टेबलावर दोन्ही निळ्या तारा शेजारी ठेवतात आणि विचारतात, यातली कुठली मारते? उत्तर एकच: मीटर लावल्याशिवाय सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तारांच्या क्षमतेचा तास आहे आणि तो बडोद्याच्या उन्हाळ्याला धरून घेतलाय. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची पीव्हीसी तार किती अँपिअर घेते असं विचारलं, तर कुणी 20 म्हणतं, कुणी 25. आयईसीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यात पाइपातून नेलेल्या दोन भारित तारांसाठी 24 आहे, पण भोवतालचं तापमान 30 अंश धरून. गच्चीखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात 45 अंश धरा, गुणक 0.79. त्याच पाइपात तीन सर्किटं कोंबली, गुणक 0.70. गुणाकार केला की उरतात 13 अँपिअर आणि थोडे. त्या तारेवर 16 चा एमसीबी बसवलेला असतो, आणि सगळे खूश असतात. तार आधी शिजते, एमसीबी नंतर पडतो, कधीकधी पडतही नाही. संहिता सांगते ते एवढंच, की चालणारा करंट एमसीबीच्या आकड्याहून कमी आणि एमसीबीचा आकडा तारेच्या क्षमतेहून कमी. तीन आकडे, एका ओळीत. कामगारांना ही ओळ तोंडपाठ होते, कारण गुणाकार त्यांनी मोबाइलवर स्वतः केलेला असतो.

तिसरा दिवस अर्थिंगचा, आणि इथे वर्गाचा कस लागतो. सकाळी एक लाकडी फळी पुढे येते. तिच्यावर 24 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि दोन मोठे रेझिस्टर, एक 4 ओहमचा, एक 1 ओहमचा. चार म्हणजे ग्राहकाचा अर्थ पिट (अर्थिंगचा जमिनीतला खड्डा), एक म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडचा अर्थ. मध्ये पत्र्याचा डबा, तीच मशीन. फेज डब्याला टेकवला की 4.8 अँपिअर वाहतात आणि डब्यावर मीटर 19 व्होल्ट दाखवतो. आता हेच 230 ला मांडा: 46 अँपिअर, आणि मशीनच्या अंगावर 184 व्होल्ट. मागे 32 अँपिअरचा सी कर्व्हचा एमसीबी. त्याला झटक्यात पडायला 5 ते 10 पट, म्हणजे 160 ते 320 अँपिअर हवेत. 46 म्हणजे 1.44 पट. मानकाप्रमाणे 1.45 पटीला तासाभरात पडावा, एवढीच अपेक्षा. म्हणजे अर्थिंग आहे, एमसीबी आहे, आणि मशीन तासभर 184 व्होल्टवर उभी. अर्थिंग ‘केलं’ की झालं, हा समज त्या फळीसमोर पाच मिनिटांत मोडतो. जिथे करंटला परतायला मातीशिवाय वाट नाही तिथे आरसीसीबी हा चैनीचा भाग नाही, हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

एवढं सुंदर दाखवून झाल्यावर त्याच दुपारी ‘अर्थिंग 1 ओहमच्या आत हवं’ हे वाक्य फळ्यावर लिहून पाठ करून घेतात. का? सकाळच्या फळीनेच सांगितलंय की नुसता आकडा काही बोलत नाही. मागे कोणतं उपकरण आहे त्यावर तो ठरतो. 16 अँपिअरच्या सी कर्व्ह एमसीबीच्या भरवशावर राहायचं तर 160 अँपिअर हवेत, म्हणजे सगळ्या वाटेचा रोध मिळून 1.4 ओहम. तिथे 1 ओहमचा आग्रह समजतो. पण 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी असेल तर मशीनच्या अंगावरचा व्होल्टेज 50 च्या मर्यादेत ठेवायला कागदावर दीड हजार ओहमही पुरतात. प्रत्यक्षात तेवढं ठेवू नये, कारण तेवढा रोध असलेला पिट उन्हाळ्यात कुठे जाईल याचा नेम नसतो. आयएस 3043 मध्ये, म्हणजे अर्थिंगच्या भारतीय मानकात, सगळ्या घरांना, सगळ्या कारखान्यांना एकच आकडा सांगितलेला नाही. शिकवणाऱ्यांना हे माहीत आहे, विचारलं तर नीट समजावतात. पण परीक्षेत ‘1 ओहम’ला गुण असल्याने कामगार तेच घेऊन घरी जातो, आणि मग आकडा आणण्यासाठी पिटात बादल्या ओततो.

मोजमाप मात्र चोख शिकवतात. मागच्या अंगणात तीन पिट आहेत: एक जुना कोळसा-मिठाचा, एक केमिकल भरावाचा, एक मुद्दाम बिघडवलेला, ज्याचा क्लॅम्प गंजलाय. मोजण्याआधी पिट इमारतीपासून सोडवायचा, अर्थ मीटरची करंट सोडणारी सळी पिटापासून 30 मीटरवर, व्होल्टेज मोजणारी मधली सळी 18.5 मीटरवर, म्हणजे 61.8 टक्क्यांवर. मग मधली सळी 3 मीटर अलीकडे आणि 3 मीटर पलीकडे नेऊन परत मोजायचं. तिन्ही आकडे जवळपास आले तरच खरे. बाजारात काय होतं? मीटरसोबतची तार गुंडाळी सोडवायचा कंटाळा, म्हणून सळ्या पाच मीटरवर ठोकतात. पिटाचं आणि सळीचं क्षेत्र एकमेकांत मिसळतं आणि आकडा फसवा, गोंडस येतो. पाण्याच्या लोखंडी पाइपाला समांतर सळ्या ठोकल्या तरी तेच. गंजलेल्या क्लॅम्पचा पिट खड्ड्यातल्या पाइपावर मोजला तर उत्तम, वरच्या पट्टीवर मोजला तर भयंकर. तो फरक दिसल्यावर माणसं वायरब्रश मागायला लागतात. पिट भिंतीपासून दीड मीटर लांब, प्लेट किमान 60 सेंटिमीटर चौरस, जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) असेल तर 6.3 मिमी आणि तांब्याची असेल तर 3.15 मिमी जाड, हे आकडे फलकावर लावलेत. तिथेच शोभतात.

मेगरचा, म्हणजे तारेचं इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राचा तास बरा. 500 व्होल्ट डीसी, फेज आणि न्यूट्रल एकत्र करून अर्थशी, किमान 1 मेगओहम. सर्ज अरेस्टर (व्होल्टेजचा झटका अडवणारे), एलईडीचे ड्रायव्हर आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू आधी सोडवायच्या, नाहीतर रीडिंग खोटं कमी येतं आणि वर वस्तूही जाते. लांब केबल मेगरनंतर डिस्चार्ज करायची, हे सांगायचं राहून गेलं. जमल्यास तुमच्या माणसाला तुम्हीच सांगा.

चौथा दिवस कुलूप-टॅगचा. प्रत्येकाला स्वतःचं कुलूप, स्वतःची एकच किल्ली, नाव लिहिलेला टॅग. मेन स्विचला अडकवायचा सहा भोकांचा हॅस्प (कडी), त्यात चौघांची चार कुलपं. सगळ्यांचं काम झाल्याशिवाय मेन चालू करणं शक्यच नाही. त्यानंतर तपासणी तीन पायऱ्यांत: मीटर आधी नक्की चालू असलेल्या जागी लावून बघा, मग कामाच्या जागी, मग परत चालू जागी. मधेच मीटरचा सेल गेला तर दुसरी पायरी खोटं सांगते, म्हणून तिसरी. शेजारच्या बोर्डवर मुद्दाम सेल काढलेला मीटर देतात आणि कोण फसतो ते बघतात. दोन-तीन जण हमखास फसतात.

याच दिवशी स्विचबोर्डच्या मागच्या जागेचा नियम येतो. पुढे किमान 1 मीटर मोकळी जागा; मागे उघड्या जोडण्या असतील तर मागची जागा 20 सेंटिमीटरहून कमी हवी, नाहीतर 75 हून जास्त. पाठ करणाऱ्याला हा नियम वेड्यासारखा वाटतो: कमीही चालेल, जास्तही चालेल, मधलं चालणार नाही? इथे दोन प्लायवूडचे तुकडे आणतात, एक 20 चा, एक 75 चा, आणि भिंतीपासून एक कपाट 45 सेंटिमीटरवर उभं करून कुणाला तरी मागे शिरायला सांगतात. तो तिरका होऊन शिरतो. मग म्हणतात, आता झटका बसला, बाहेर ये. येता येत नाही. 20 मध्ये माणूस शिरतच नाही, 75 मध्ये शिरला तरी निघतो. मधलं अंतर म्हणजे सापळा. संहितेतलं कलम असं शिकवायचं असतं.

सीपीआर पुतळ्यावर करून घेतात, 30 दाब आणि 2 श्वास, मिनिटाला 100 ते 120. हातमोजे हवा भरून गुंडाळून तपासायला शिकवतात. दोन्ही ठीक.

आता तो दीड दिवस. पहिल्या दिवशीचा पूर्वार्ध कायद्याच्या इतिहासावर जातो आणि वाटलेली पुस्तिका तिथेच घसरते. तिच्यात दोन ठिकाणी 1956 च्या भारतीय विद्युत नियमांचे क्रमांक आहेत. ते नियम जाऊन केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2010 चे विनियम आले, आणि 2023 मध्ये त्यांच्या जागी नवे आले. आयएस 3043 ची 1987 ची आवृत्ती दिलीय, 2018 ची सुधारित आवृत्ती असताना. वायरिंगच्या आयएस 732 ची आवृत्ती मात्र 2019 चीच आहे, आणि राष्ट्रीय विद्युत संहिताही 2023 ची. म्हणजे पुस्तिका तुकड्या-तुकड्यांनी सुधारलीय. जुना नियम क्रमांक विद्युत निरीक्षकासमोर सांगितला तर फजिती कामगाराची होते, केंद्राची नाही.

भाषेचं दुखणं वेगळं. शिकवणं गुजराती-हिंदी मिश्र, ते चालतं. दांडिया बाजारातला मराठी वायरमन असो की खानदेशातून आलेला हेल्पर, कुणाचं अडत नाही. पुस्तिका मात्र अख्खी इंग्रजीत. 1890 मध्ये याच शहरात कलाभवन उभं राहिलं ते देशी भाषेत तंत्रविद्या शिकवायची म्हणून, आणि आज इथला वायरमन इंग्रजी पुस्तिकेची पानं उलटतोय. संहितेत ‘शल’ लिहिलं की करायलाच हवं, ‘शुड’ लिहिलं की करावं. एवढा एक फरक मराठीत ‘केलेच पाहिजे’ आणि ‘करावे’ असा दोन ओळींत छापला असता तर अर्धी पुस्तिका उघडली असती. तोंडी सांगतात, पण घरी गेल्यावर तोंडी सांगितलेलं कुठे सापडणार?

पाचव्या दिवशी 30 वस्तुनिष्ठ प्रश्नांची परीक्षा, मग प्रमाणपत्रवाटप, फोटो, चहा. हातात मीटर देऊन घेतलेली परीक्षा नाही. ज्या केंद्राकडे सहा दोषांचे बोर्ड तयार आहेत त्याने कागदावर टिक करायला लावावी, हे न कळण्यासारखं आहे. एकेकाला एक बोर्ड, वीस मिनिटं, एक दोष, एवढं केलं तरी प्रमाणपत्राला वजन येईल. सोलरचा विषय अजिबात नाही, आणि हा मोठा खड्डा आहे. गुजरातेत गच्च्या पॅनेलनी भरल्यात. मेन बंद केलं तरी उजेड आहे तोवर डीसीची तार जिवंत राहते, चालू भारावर कनेक्टर ओढला तर आर्क, म्हणजे ठिणगीचा झोत, विझत नाही. एसीचा नियम शिकून गेलेला माणूस गच्चीवर त्याच भरवशाने हात घालेल. गणपती आणि नवरात्रीच्या मांडवातल्या तात्पुरत्या जोडण्यांनाही जेमतेम वीस मिनिटं. बडोद्यात गरब्याच्या मैदानावर किती केबल ओल्या गवतातून जाते ते बघितलेल्या कुणालाही हे कमी वाटेल.

24 जणांना सहा बोर्ड म्हणजे एका बोर्डाला चार जण. एक जण मीटर धरतो, तिघं बघतात, आणि मीटर धरणारा नेहमी तोच असतो. हेल्पर पाठवत असाल तर त्याच्यासोबत दुसऱ्या फर्मचे सीनियर एका बोर्डवर नकोत, असं नोंदणी करतानाच सांगा, ऐकतात. तुमचीच 12 माणसं असतील तर स्वतंत्र तुकडी मागा, दर तोच पडतो आणि पहिला अर्धा दिवस कापून सोलरवर लावायला ते तयार होतात. सुपरवायझरला सोडून फक्त कामगार पाठवू नका. कामगाराने परत येऊन ‘साहेब, या पाइपात तीन सर्किटं नकोत’ म्हटलं आणि साहेबाला 0.70 चा गुणक ठाऊकच नसेल, तर पुढच्या साइटवर परत तीन सर्किटं जातील.

परत आल्यावर हातात निदान 500 व्होल्टचा इन्सुलेशन टेस्टर, एक चांगला मल्टिमीटर आणि प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप द्या. लूप इम्पिडन्स टेस्टर महाग पडतो. केंद्रातही एकच आहे आणि तो कपाटात असतो, मागितला तर काढतात. मागा. सॉकेटमध्ये लावला की त्या वाटेचा एकूण रोध सांगतो, आणि वरचं 46 अँपिअरचं गणित तुमच्याच कामावर करता येतं.

तुकडी निवडताना पावसाळा टाळा. जुलै-ऑगस्टमध्ये अंगणातली काळी माती पाणी पिऊन फुगलेली असते, पाइपाला घट्ट बिलगलेली असते, आणि जुना कोळसा-मिठाचा पिट नव्याच्या बरोबरीने आकडा देतो. तीच माती उन्हाळ्यात आकसून पाइपापासून सुटते, बोट जाईल एवढी भेग पडते. एप्रिल-मेमधली तुकडी मागा. घाम येईल, पण तिन्ही पिटांचे आकडे वेगळे दिसतील.